गाण्याचा विभाग कोणता?

८ सप्टेंबर १९३३ रोजी सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांना ग्रॅमी पुरस्काराचं नामांकन दोनदा मिळालं. पहिलं १९९७ मध्ये, उस्ताद अली अकबर खाँ यांच्याबरोबर केलेल्या ‘लेगसी’ या जुन्या बंदिशींच्या अल्बमसाठी. दुसरं २००६ मध्ये, क्रोनोस क्वार्टेट या अमेरिकी चमूच्या साथीनं राहुलदेव बर्मन यांची गाणी नव्यानं गायलेल्या ‘यू हॅव स्टोलन माय हार्ट’ या अल्बमसाठी. पहिल्या वेळी पुरस्कार आयर्लंडच्या ‘द चीफटन्स’ना मिळाला, दुसऱ्या वेळी ब्राझीलच्या जिल्बेर्तो जिल यांना. विभाग दोन्ही वेळा ‘वर्ल्ड म्युझिक’चा होता.

“आणि ‘पॉप व्होकल अल्बम’ नावाचा विभाग त्याच ग्रॅमीत वेगळा आहे,” भाची म्हणाली. “अडेल, एड शीरन, टेलर स्विफ्ट, सॅब्रिना कार्पेंटर सगळे तिथले. आशाताईंनी गायलेली आरडींची गाणी पॉप नाहीत, तर मग पॉप कशाला म्हणायचं?”

भाची साताऱ्यात छोटा स्टुडिओ चालवते. गाणी ध्वनिमुद्रित करते, मिक्सिंग करते, अधूनमधून स्वतः गाते. तानपुऱ्याची जवारी करून घ्यायला ती मिरजेला आली होती आणि रविवार म्हणून सांगलीच्या गावभागात मामांकडे थांबली होती. मामा माध्यमिक शाळेतले निवृत्त संगीतशिक्षक. कपाटभर तबकड्या, त्यांची हातानं लिहिलेली यादी, आणि पुरस्कार सोहळ्यांबद्दल पक्की नापसंती. प्रश्न जेवणानंतर निघाला आणि दिवेलागणीपर्यंत संपला नाही.

“पण तुला त्यांचा शिक्का हवाय कशाला?” मामांनी विचारलं. “सबंध जगाचं गाणं एका विभागात बसवणारी ती माणसं. आयर्लंडची बासरी, ब्राझीलची गिटार आणि आपल्या आशाताई एका रांगेत. याला परीक्षण म्हणायचं? त्या दुसऱ्या अल्बमच्या वेळी आशाताईंनी सत्तरी ओलांडली होती. साथीला झाकिरभाईंचा तबला होता, चीनच्या वू मान यांचं पीपा हे तंतुवाद्य होतं. एवढं ऐकायला मिळालं, अजून काय पाहिजे?”

“शिक्का नकोय मामा. विभाग कोण आखतं आणि कुणासाठी, ते मला बघायचंय. ‘वर्ल्ड म्युझिक’ हे नाव त्यांनी स्वतःच २०२० मध्ये बदलून ‘ग्लोबल म्युझिक’ केलं. म्हणजे आखणी कायमची नसते. कुणीतरी बोललं की बदलते.”

मामांना हे पटलं नाही. पुरस्कारानं गाणं मोठं होत नाही, हा त्यांचा मूळ मुद्दा होता आणि त्यासाठी त्यांच्याकडे सांगली जिल्ह्यातलंच उदाहरण होतं. आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्यात जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेलं आणि सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केलेलं ‘गीतरामायण’.

“१ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत गेलं. मग आठवड्याला एक, अशी वर्षभर ५६ गीतं. माणिक वर्मा गायल्या, वसंतराव देशपांडे गायले, मालती पांडे, ललिता फडके गायल्या. गीत लागायच्या वेळी लोक रेडिओपुढे हार-फुलं घेऊन बसायचे. पुढं फडक्यांनी गावोगाव एकट्यानं ते सादर केलं, तबकड्या निघाल्या, इतर भाषांत अनुवाद झाले. सांग बरं, ‘वर्षातला सर्वोत्कृष्ट अल्बम’ असं कुठल्या मंचावर जाहीर झालं होतं? कुठंच नाही. तरी शेटफळ्यापासून सांगलीपर्यंत आजही ते पाठ असलेली माणसं भेटतील.”

भाचीनं हे उदाहरण खोडून काढलं नाही. तिनं ते दुसऱ्या बाजूनं मांडलं. “गीतरामायणाला पुरस्कार नव्हता, पण आकाशवाणी होती. ठरलेली वेळ होती, वाद्यवृंद होता, गायकांना मानधन होतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, निवेदनात नावं घेतली जात होती. कवी कोण, संगीत कुणाचं, आज गाणार कोण. एका सरकारी संस्थेनं वर्षभर एका कामाच्या मागे उभं राहायचं ठरवलं होतं. आज साताऱ्यातल्या मुलीनं दहा गाणी केली तर तिच्यामागं वर्षभर कोण उभं राहतं? पुरस्कार ही त्या आधाराची फार छोटी आवृत्ती आहे. पण तेवढीसुद्धा नसेल तर काहीच नाही.”

“नाव घेतलं जाणं,” मामा थोडं थांबून म्हणाले, “ते मात्र खरं.”

ते उठले आणि यादीची वही घेऊन आले. ‘महल’, १९४९. ‘आयेगा आनेवाला’ची पहिली तबकडी बाजारात आली तेव्हा तिच्यावर गायिकेच्या जागी ‘कामिनी’ असं छापलेलं होतं. कामिनी म्हणजे पडद्यावर मधुबालानं केलेलं पात्र. गाणाऱ्या लता मंगेशकरांचं नाव नव्हतं. गाणं रेडिओवर लागल्यावर श्रोत्यांनी हा आवाज कुणाचा म्हणून विचारणा केली, तेव्हा ते बाहेर आलं. ही हकिगत मामांनी शाळेत बऱ्याच वर्गांना सांगितली होती. पण आज ती सांगताना आपण भाचीचीच बाजू मांडतोय, हे त्यांच्या लक्षात आलं.

भाचीनं ती तिथंच सोडली नाही. “मग पुढचं सांगा ना. १९५७ चं.”

फिल्मफेअर पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाले. संगीतकाराला पुरस्कार होता, गायकाला नव्हता, गीतकारालाही नव्हता. १९५७ मध्ये ‘चोरी चोरी’साठी शंकर-जयकिशन यांना पुरस्कार जाहीर झाला आणि सोहळ्यात लताबाईंनी ‘रसिक बलमा’ गावं, असा आग्रह जयकिशन यांनी धरला. लताबाईंनी नकार दिला. पुरस्कार संगीतकाराला आहे, गायक आणि गीतकाराला नाही, तर वाद्यवृंदाकडूनच ते वाजवून घ्या, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. दोन वर्षांनी, १९५९ मध्ये, पार्श्वगायनाचा आणि गीतलेखनाचा असे दोन्ही पुरस्कार सुरू झाले. गायनाचा पहिला ‘मधुमती’तल्या गाण्यासाठी लताबाईंना, गीतलेखनाचा पहिला ‘यहुदी’तल्या गाण्यासाठी शैलेंद्र यांना.

“तबकडी लताबाईंच्या आवाजावर विकली जायची आणि पुरस्काराच्या यादीत गळ्याला जागाच नव्हती,” भाची म्हणाली. “ती जागा भांडून मिळवली. सांगलीत वाढलेल्या मुलीनं.”

“वाढलेली हे बरोबर. जन्म इंदूरचा,” मामांनी शिक्षकाच्या सवयीनं दुरुस्ती केली. “वडील मास्टर दीनानाथ यांचं बिऱ्हाड सांगलीत होतं तेव्हाची ती मुलं. पण एका गोष्टीचं उत्तर दे. पुरस्कार सुरू झाला, पुढं काय झालं? गायक आणि गायिका यांना मिळून वर्षाला एकच.”

या ठिकाणी संवादाला वेगळं वळण लागलं, कारण मामांनी वहीतून वाचायला सुरुवात केली आणि वाचता वाचता तेच थबकले. १९५९ ते १९६७ या नऊ वर्षांत पार्श्वगायनाचे नऊ फिल्मफेअर पुरस्कार दिले गेले. चार मोहम्मद रफींना, तीन लता मंगेशकरांना, एक मुकेश यांना, एक महेंद्र कपूर यांना. आशा भोसले यांना एकही नाही. ‘हावडा ब्रिज’ १९५८ चा, ‘मेरे सनम’ आणि ‘वक्त’ १९६५ चे, ‘तीसरी मंझिल’ १९६६ चा. या सगळ्या काळात त्या गात होत्या आणि देश ऐकत होता. मग १९६८ मध्ये स्त्री आणि पुरुष असे दोन विभाग झाले आणि स्त्री विभागाचा पहिलाच पुरस्कार आशाताईंना मिळाला, ‘दस लाख’मधल्या गाण्यासाठी. पुढच्या वर्षी ‘शिकार’साठी पुन्हा. १९७२ ते १९७५ सलग चार वर्षं. १९७९ मध्ये ‘डॉन’साठी सातवा.

“नऊ वर्षांत शून्य, पुढच्या बारांत सात,” भाची म्हणाली. “आवाज तोच. यादी बदलली.”

मामांनी वही मिटली नाही. “आणि ते अमेरिकेवाले?”

“त्यांचा पहिला सोहळा मे १९५९ मधला. म्हणजे आपल्याकडे पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला त्याच वर्षीचा. पण त्यांनी पहिल्याच दिवशी गायनाचे स्त्री आणि पुरुष असे दोन विभाग ठेवले. स्त्री विभागात एला फिट्झजेराल्ड, पुरुष विभागात पेरी कोमो. आपल्याला तेवढ्यासाठी नऊ वर्षं लागली.”

यावर मामांनी त्यांची सगळ्यात भक्कम बाजू मांडली. ती पुरस्कार मिळण्याबद्दल नव्हती, सोडण्याबद्दल होती. १९७० मध्ये ‘जीने की राह’साठी पुरस्कार मिळाल्यावर लताबाईंनी नव्यांना वाव मिळावा म्हणून यापुढे आपला विचार करू नका, असं कळवलं. १९७९ नंतर आशाताईंनी तेच केलं.

“या दोघी बहिणींचं मोठेपण मला त्या पुरस्काराच्या बाहुल्यांत दिसत नाही. त्यांनी दार मोकळं केलं, त्यात दिसतं. आशाताई बाजूला झाल्यावर कोण आलं बघ. १९८० मध्ये ‘मीरा’साठी वाणी जयराम. १९८१ मध्ये ‘कुर्बानी’साठी नाझिया हसन, शाळकरी वयाची पोर. १९८२ मध्ये ‘कुदरत’साठी परवीन सुलताना. एक दाक्षिणात्य शास्त्रीय बैठकीची, एक लंडनमध्ये वाढलेली पाकिस्तानी पॉप गायिका, एक पतियाळा घराण्याची. स्पर्धा चालू ठेवली असती तर हा पट दिसला असता का?”

“नसता,” भाचीनं सरळ मान्य केलं. “पण नाझियाचंच घ्या. तिला पुरस्कार मिळाला तो चित्रपटातल्या गाण्याबद्दल. त्याच वर्षी तिचा ‘डिस्को दीवाने’ आला, स्वतंत्र अल्बम, चित्रपट नाही, नायिका नाही. तो गल्लोगल्ली वाजला. त्याला कोणत्या विभागात धरायचं होतं? विभागच नव्हता. पुढं नव्वदच्या दशकात संगीत वाहिन्या आल्या तेव्हा इंडिपॉपसाठी पुरस्कार निघाले आणि १९९७ मध्ये ‘जानम समझा करो’ अल्बमसाठी आशाताई पुन्हा स्पर्धेत दिसल्या. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, संगीतकार लेस्ली लुईसबरोबर. एमटीव्हीचा पुरस्कारही मिळाला. फिल्मफेअरमध्ये नव्यांसाठी बाजूला झालेली बाई नव्या प्रकारात स्वतःच नवी होऊन उभी राहिली. मला ते जास्त आवडतं.”

मामा काही क्षण बोलले नाहीत. पॉप या प्रकाराशी त्यांची दोस्ती नाही, हे त्यांनी कधी लपवलं नव्हतं. ठेका पुढे आणि शब्द मागे, ही त्यांची तक्रार. मराठीचं खरं धन भावगीत, आणि भावगीताला पॉप म्हणणं त्यांना सहन होत नाही.

पण भाची ध्वनिमुद्रण करणारी आहे आणि ती गाण्याकडे यंत्राच्या बाजूनंही बघते. तिचं म्हणणं असं: ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. त्या वेळेत ध्रुवपद, दोन-तीन कडवी, मधले वाद्यांचे तुकडे, मायक्रोफोनसमोर दबक्या आवाजात गायलेले शब्द. हे सगळं तबकडीसाठी घडवलेलं गाणं आहे. त्याआधी मिरजेचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी तासाभराचा राग त्याच तीन मिनिटांत बसवून दाखवला. त्यांच्या कन्या, मिरजेतच जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर, तबकड्यांमुळे महाराष्ट्रभर पोहोचल्या. वाळवा तालुक्यातल्या येडेनिपाणीचे पी. सावळाराम, संगीतकार वसंत प्रभू आणि लता-आशा यांच्या आवाजातली भावगीतं रेडिओ आणि तबकडी या दोन्ही वाटांनी घरोघरी गेली. विकत घ्यायचं, घरी वाजवायचं, गुणगुणायचं, लोकप्रिय व्हावं म्हणून लिहिलेलं आणि एका आवाजाभोवती रचलेलं गाणं.

“ग्रॅमीवाल्यांचा पॉप व्होकल विभाग नेमकं हेच मागतो,” ती म्हणाली. “सावळाराम-प्रभूंची दहा गाणी एका तबकडीवर घेतली तर तो त्या काळातला मराठी पॉप व्होकल अल्बमच आहे. त्यानं त्याची प्रतिष्ठा कमी होत नाही.”

“प्रतिष्ठेचा प्रश्न नाही. सावळारामांच्या नावानं ठाणे महापालिका पुरस्कार देते, गदिमांच्या नावानं दरवर्षी सन्मान होतो. आपल्याकडे गौरवाची पद्धत वेगळी आहे,” मामा म्हणाले. “सांगलीचंच बघ. ५ नोव्हेंबर, रंगभूमी दिन. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथं ‘सीता स्वयंवर’ केलं, त्याची आठवण. त्या दिवशी भावे पुरस्कार दिला जातो. पहिला मान बालगंधर्वांचा. नामांकनं नाहीत, पाच जणांना खुर्च्यांवर बसवून चौघांना हरवायचं नाही. आयुष्यभर काम केलेल्या एका माणसाला बोलवायचं आणि नमस्कार करायचा. स्पर्धेपेक्षा हे मला जास्त माणसासारखं वाटतं.”

भाचीचा विरोध इथं सर्वांत तीव्र होता आणि त्यासाठी तिनं साताऱ्याचं नाव घेतलं. वाईच्या यमुनाबाई वाईकर. १९१५ चा जन्म, लहानपणापासून फडावर, बैठकीच्या लावणीतला अधिकारी आवाज. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९७७ मध्ये मिळाला, तेव्हा त्या साठी ओलांडून गेल्या होत्या. पद्मश्री २०१२ मध्ये मिळाली, तेव्हा वय शहाण्णव. २०१८ मध्ये त्या गेल्या. वाई तालुक्यातल्याच पसरणीचे शाहीर साबळे यांना पद्मश्री १९९८ मध्ये मिळाली, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर. त्यांनी गायलेल्या ‘जय जय महाराष्ट्र माझा’ला राज्यगीताचा दर्जा २०२३ मध्ये मिळाला. शाहीर २०१५ मध्येच गेलेले.

“तुमचा नमस्कार फार उशिरा पोहोचतो, मामा. यमुनाबाई तिशीत होत्या, चाळिशीत होत्या, आवाज भरात होता, घरची जबाबदारी डोक्यावर होती. तेव्हा ‘या वर्षीचं सगळ्यात चांगलं गायन हिचं’ असं कुणी म्हटलं असतं तर त्यांना चार कार्यक्रम जास्त मिळाले असते. एखाद्या कंपनीनं बैठकीची लावणी नीट ध्वनिमुद्रित केली असती. आज माझ्यासारखीला त्यांची अदाकारी अभ्यासायची तर किती थोडं हाताशी आहे! आयुष्याचा गौरव करा, जरूर करा. पण या वर्षीच्या कामाला या वर्षी दाद देणारी एक जागा हवी. ती स्पर्धेतूनच मिळते.”

मामा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, “लावणीगायिकेला तुझा पॉप अल्बमचा विभाग घेणार आहे का?”

प्रश्न अचूक होता. भाचीकडे लगेच उत्तर नव्हतं.

मामांनीच पुढं सांगितलं. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत मराठी गायनाचं गेल्या काही वर्षांतलं यश त्यांना पाठ होतं. २०१० च्या चित्रपटांत ‘मी सिंधुताई सपकाळ’साठी सुरेश वाडकर. २०११ साठी ‘बालगंधर्व’मधल्या गायनाबद्दल आनंद भाटे. २०१५ साठी ‘कट्यार काळजात घुसली’बद्दल महेश काळे. २०१९ साठी ‘बार्डो’बद्दल सावनी रवींद्र. २०२० साठी ‘मी वसंतराव’बद्दल राहुल देशपांडे.

“मला या प्रत्येकाचा आनंद झाला. पण यातले तीन बघ. भाटे, काळे, देशपांडे. तिघंही नाट्यसंगीत आणि रागदारी गाणारे. बालगंधर्व आपल्या पलूस तालुक्यातल्या नागठाण्याचे. त्यांचं पद आनंद भाटे मैफलीत लहानपणापासून गात होते. त्याला गायनाचा राष्ट्रीय पुरस्कार केव्हा मिळाला? त्यावर चित्रपट निघाला तेव्हा. चित्रपट नसता तर तेच गाणं, तोच गळा, त्या यादीत आला नसता.”

“हेच मी सांगतेय!” भाची जवळजवळ उठून बसली. “राष्ट्रीय पुरस्कार चित्रपटाचे, राज्याचे चित्रपटाचे. चित्रपटाबाहेरचं मराठी गाणं वाहिन्यांच्या आणि प्रायोजकांच्या मर्जीवर. ‘गारवा’ हा अल्बम आला १९९८ मध्ये, मग ‘आयुष्यावर बोलू काही’ आला, दोन्ही चित्रपटाशिवाय घरोघरी गेले. २०२४ मध्ये जळगावकडच्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ आलं आणि मराठी न कळणाऱ्यांनीही त्यावर ताल धरला. तेही चित्रपटाशिवाय. गाणं बाहेर पडलंय, यादी अजून थिएटरातच बसलीय.”

‘गुलाबी साडी’बद्दल मामांचं मत विचारण्याच्या भानगडीत ती पडली नाही. त्यांनी ते आपणहून दिलं. ठेका लक्षात राहतो, शब्द साधे आहेत, पोरं नाचतात, यात वाईट काही नाही. पण याला आणि बैठकीच्या लावणीला एका रांगेत बसवलं की आशाताई आणि आयर्लंडची बासरी यांच्यासारखाच गोंधळ होणार.

हा धोका भाचीनं नाकारला नाही. विभाग थोडे केले तर वेगळेपण चिरडलं जातं, फार केले तर पुरस्काराला वजन राहत नाही. तिच्या मते यावर उतारा एकच, अर्जात विचारायची माहिती. या विषयावर ती तिच्या रोजच्या कामातून बोलत होती. तिच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेली गाणी ॲपवर चढतात तेव्हा गायकाचं नाव असतं, कधी संगीतकाराचं असतं. गीतकाराचं अनेकदा नसतं. ढोलकी कुणी वाजवली, संवादिनी कुणाची, कोरसला कोण, ध्वनिमुद्रण कुठं झालं, हे शोधून सापडत नाही. ग्रॅमीत ध्वनिमुद्रणाच्या तांत्रिक कामाला पहिल्या वर्षापासून स्वतंत्र पुरस्कार आहे, याचं तिला फार अप्रूप होतं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तो तानपुरा ज्या गाण्यात झंकारतो त्याच्या माहितीत कारागिराचा उल्लेख कुणी करत नाही, याची खंतही होती.

“नावं लिहिली की पुरस्कारापेक्षा मोठं काहीतरी होतं,” मामा म्हणाले. आता ते तिच्या बाजूनं विचार करत होते. “२०१२ मध्ये कॉपीराइटचा कायदा बदलला. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा राखला गेला, गायकांनाही कलावंत म्हणून हक्क मिळाला. पुढच्या वर्षी गायकांची संस्था उभी राहिली. लताबाई साठच्या दशकात रॉयल्टीसाठी भांडल्या, रफींशी त्यावरून त्यांचा अबोला झाला, त्यानंतर अर्धशतकानं हे झालं. पण हक्काचे पैसे द्यायचे कुणाला? ज्याचं नाव कागदावर आहे त्याला. म्हणून अर्जात नावं मागणार असशील तर मी तुझ्या स्पर्धेला विरोध करणार नाही.”

मग दोघांनी मिळून एक मसुदा लिहायला घेतला. चित्रपटाबाहेरच्या मराठी गायनाचा वार्षिक पुरस्कार कसा असावा, याचा. कुणाला पाठवायचा हे ठरलेलं नव्हतं. पहिली अट सहज मान्य झाली: गीतकार, संगीतकार, प्रत्येक वादक, ध्वनिमुद्रक यांची नावं नसलेला अर्ज घ्यायचा नाही. दुसरीही झाली: सुगम गायन, लोकगायन आणि नाट्यगायन वेगवेगळं तपासायचं. तिसरी भाचीनं सुचवली आणि मामांनी आनंदानं लिहून घेतली: तीनदा मिळालेल्या गायकानं पुढची पाच वर्षं परीक्षक व्हायचं, स्पर्धक नाही.

मतं कुणी द्यायची, इथं गाडं अडलं, आणि बाजू अनपेक्षितपणे बदलल्या. ग्रॅमीत गाणारे, वाजवणारे, ध्वनिमुद्रण करणारे सभासदच मत देतात. भाचीला तेच हवं होतं, कारण तिला प्रेक्षकांच्या एसएमएसवर ठरलेले निकाल ठाऊक आहेत. मामांना श्रोते हवे होते. फिल्मफेअरची सुरुवात वाचकांच्या मतांवर झाली होती. आकाशवाणीच्या ‘आपली आवड’ला पोस्टकार्ड पाठवणाऱ्या माणसांना गाण्यातलं कळत होतं, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा अनुभव.

“पोस्टकार्ड लिहायला माणूस पंधरा पैसे आणि अर्धा तास खर्च करायचा,” भाची म्हणाली. “बोटानं एकदा दाबलेल्या मताला तो भाव कसा देणार?”

“मग मत देणाऱ्यानं चार ओळी लिहायच्या. का आवडलं ते. लिहील तोच मत देईल.”

“आणि त्या वाचणार कोण?”

“मी वाचीन. निवृत्त आहे.”

तेही मसुद्यात गेलं, प्रश्नचिन्हासह. शेवटची अट मात्र दोघांनाही सोडवता आली नाही. भाचीला अल्बमसाठी किमान पाच गाणी हवी होती, नाहीतर सगळा पुरस्कार सिंगल्सच्या लाटेत वाहून जाईल. मामांनी विचारलं, वाईत एखादी गायिका बैठकीची एकच लावणी पाऊण तास गाते, भाव बदलत, ओळ फिरवत, आणि तिचं ध्वनिमुद्रण झालेलं ते एकच गाणं आहे, तिला बाहेर ठेवायचं का? भाचीनं गाण्यांऐवजी मिनिटं मोजायचा पर्याय लिहिला. मामांनी त्यावर काट मारली, कारण मग तीन मिनिटांत सगळं सांगणारं भावगीत मागे पडलं असतं. तिनं पुन्हा लिहिलं, त्यांनी पुन्हा खोडलं. साताऱ्याला जायला उशीर होत होता, म्हणून तिनं तेवढं कलम कोरं ठेवलं आणि पुढच्या वेळी येताना वाईतल्या दोन गायिकांनाच विचारून यायचं कबूल केलं.